आधी सांधा, मग रंग : चौकटीच्या कच्च्या पट्टीवरील हातकामाची प्रस्तावना

फ्रेमवाल्याच्या दुकानात भिंतीवर पट्ट्यांचे कोपरे टांगलेले असतात. सोनेरी, काळे, अक्रोडी, पांढरे. गिऱ्हाईक त्यांतला एक निवडते, आतून त्याच पट्टीची लांब कांब येते, पंचेचाळीस अंशांत कापली जाते, चार तुकडे फेविकॉलने आणि पिनांनी जोडले जातात आणि थोड्याच वेळात तसबीर कागदात गुंडाळून हाती पडते. यात गैर काही नाही. आपल्या बहुतेक घरांच्या भिंती याच पट्ट्यांनी सजल्या आहेत. फक्त एक गोष्ट पाहून ठेवावी. पट्टीवरचा रंग, मुलामा, चकाकी हे सगळे कारखान्यात आधीच झालेले असते आणि काप नंतर बसतो. त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यात एक बारीक रेघ उरते, आणि पट्टीवर वेलबुट्टी असेल तर एका बाजूचे अर्धे पान दुसऱ्या बाजूच्या पाऊण फुलाला येऊन भिडते.

हाताने रंगवायच्या चौकटीत हा क्रम उलटा असतो. पट्टी कच्ची घेतात, म्हणजे तिला आकार दिलेला असतो, पण अस्तर, रंग, पॉलिश यांतले काहीच तिच्या अंगाला लागलेले नसते. ती आधी कापतात, जोडतात, सांधा वाळू देतात, कोपरा घासून एकजीव करतात आणि मगच रंगाला हात घालतात. हा बदल दिसायला किरकोळ आहे. पण या विषयातले जवळजवळ सगळे काही त्यातूनच निघते. लाकूड कोणते घ्यायचे, अस्तर किती जाड द्यायचे, सोने कुठे घोटायचे आणि कुठे मंद ठेवायचे, किती दिवस थांबायचे, या सगळ्याची उत्तरे ‘आधी सांधा, मग रंग’ एवढे ठरवले की बदलतात. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने बाकी सारे नंतर शिकावे, हा क्रम मात्र पहिल्या दिवशी मनात पक्का करावा.

विषयाची हद्दही सांगून टाकतो. लाकूड कापून रंध्याने आकार काढणे हे सुताराचे शास्त्र. काच, माउंट, पाठीचा पुठ्ठा, टांगण्याची तार हे चित्र जडवणाऱ्याचे. या दोहोंच्या मधला टप्पा आपला. सुतार थांबतो तिथे आपण सुरू करतो आणि चित्र आत येण्यापूर्वी थांबतो. मधल्या या पट्ट्यात रसायन आहे, इतिहास आहे, थोडे सौंदर्यशास्त्र आहे आणि पुष्कळ घासकाम आहे.

चौकटीबद्दल मोठमोठ्या माणसांनी लिहिले आहे, पण बहुतेकांनी ती दुरून पाहिली. इमॅन्युएल कांटने १७९० मधल्या आपल्या ग्रंथात सोनेरी चौकटीला जवळजवळ फैलावर घेतले. केवळ चित्राची शिफारस करण्यासाठी चमकणारी चौकट हा निव्वळ साज आहे आणि तो खऱ्या सौंदर्याला बाधतो, असा त्याचा आशय. ओर्तेगा इ गॅसेट या स्पॅनिश विचारवंताने १९२१ मध्ये नेमकी उलट बाजू घेतली. सोन्याची झळाळी कुठल्याही वस्तूचा आकार धारण करीत नाही, म्हणून भिंतीचे खरे जग आणि चित्राचे काल्पनिक जग यांच्यामध्ये ती उत्तम सीमा होते, असे त्याचे म्हणणे. मला यांच्याहून जवळचा वाटतो तो जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग सिमेल. १९०२ च्या त्याच्या छोट्या निबंधात तो चक्क कोपऱ्याच्या सांध्यापाशी थांबतो. चारही सांध्यांच्या तिरक्या रेषांवरून नजर आत घसरते आणि चित्राच्या मध्याकडे जाते, असे तो सांगतो.

म्हणजे सिमेलला सांधा दिसायला हवा आहे आणि आपण तर तो बुजवायला निघालो आहोत! हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. सांध्याची रेषा दोन प्रकारची असते. एक कापाची, म्हणजे दोन तुकड्यांमधली फट. दुसरी उजेडाची, म्हणजे गोलवा, खोलवा, कंगोरा यांच्यावर पडलेला प्रकाश कोपऱ्यात दिशा बदलतो तिथली. नजरेला आत नेते ती दुसरी. पहिली तर नजरेला अडवते. हातकामात पहिली नाहीशी होते आणि दुसरी अधिक स्वच्छ होते. चांगल्या चौकटीचा कोपरा सकाळच्या तिरप्या उजेडात पाहिला की हे कळते.

कलेच्या इतिहासकारांना चौकटीकडे वळायला बराच उशीर लागला. आजही संग्रहालयाच्या सूचीत चित्राची लांबी-रुंदी चौकट वगळून देतात आणि पुस्तकातल्या छायाचित्रात चौकट कापलेली असते. क्लाउस ग्रिम यांचे जुन्या चौकटींवरचे जर्मन पुस्तक १९७८ मध्ये आले. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने १९८४ मध्ये सतराव्या शतकातल्या डच चौकटींचे प्रदर्शन भरवले, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९९० मध्ये इटालियन चौकटींचे. १९९६ मध्ये पॉल मिचेल आणि लिन रॉबर्ट्स यांचा युरोपीय चौकटींचा इतिहास आणि जेकब सायमन यांचे ब्रिटनमधल्या चौकटींवरचे पुस्तक अशी दोन महत्त्वाची कामे एकाच वर्षी पुढे आली. तेव्हापासून चौकट हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय मानला जाऊ लागला. तरीही या लेखनाचा मोठा भाग आकाराबद्दल आहे. छेद कसा, नक्षी कोणत्या काळातली, कोणत्या शहरातली. पृष्ठभाग कसा घडला हे सांगणारे अजून थोडेच आहेत, आणि मराठीत तर या विषयाला फारसा हातच लागलेला नाही.

पृष्ठभागाचा जुना आणि सविस्तर जबाब आपल्याला चेन्निनो चेन्निनी हा इटालियन चित्रकार देतो. इ.स. १४०० च्या आसपास लिहिलेल्या त्याच्या हस्तपुस्तिकेत लाकडी फळीवर सोने चढवण्याची कृती पायरीपायरीने आली आहे. ती चित्राच्या फळीसाठी आहे हे खरे. पण त्या काळी चौकट पुष्कळदा त्याच फळीला जोडलेली असे आणि अस्तर दोघांवर एकदमच बसे. आधी लाकडाला सरसाचा पातळ हात. त्यावर सरसात कालवलेल्या जिप्समचे जाड अस्तर. मग बारीक अस्तराचे अनेक हात. बारीक अस्तरासाठीचे जिप्सम भरपूर पाण्यात महिनाभर रोज ढवळत ठेवायचे, म्हणजे त्याची घट्ट बसण्याची खोड जाते आणि ते लोण्यासारखे मऊ होते. आल्प्सच्या दक्षिणेला जिप्सम वापरत आणि उत्तरेला खडू. आजचे बहुतेक कारागीर खडूच वापरतात, कारण तो तयार मिळतो आणि महिनाभर ढवळावा लागत नाही.

अस्तराचा एक नियम इथेच सांगतो, कारण तो मोडल्याची शिक्षा उशिरा मिळते. सरसाचा जोर खालच्या थरात जास्त आणि वर जाताना कमी हवा. वरचा थर अधिक बळकट झाला तर वाळताना तो आकसतो आणि खालच्याला ओढून सोडवतो. मग सहा महिन्यांनी चौकटीवर भेगांचे जाळे येते आणि पापुद्रे सुटतात. सरस तापवतानाही तो उकळू देऊ नये. साठ अंशांच्या पुढे त्याची पकड कमी होत जाते. पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून मंद आचेवर काम करावे.

अस्तरावर बारीक चिकणमातीचा सरसात कालवलेला लेप येतो. आपल्या कावेसारखी लाल, पिवळी किंवा काळपट अशी ही माती असते आणि वर्खाला तिचाच मऊ बिछाना मिळतो. सोन्याचा वर्ख मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका, म्हणजे उजेडासमोर धरला तर हिरवट दिसेल इतका पातळ असतो. त्यामुळे खालच्या मातीचा रंग वरच्या सोन्याला बदलतो. लाल मातीवर ते उबदार दिसते, काळीवर थंड. जाणकार कारागीर खोलगट भागात पिवळी माती लावतात, म्हणजे तिथे वर्ख नीट पोचला नाही तरी उणीव उठून दिसत नाही. कंगोऱ्यांवर लाल लावतात आणि घोटल्यावर कडा किंचित झिजवतात. घोटण्यासाठी चेन्निनीने रत्नांपासून मांसाहारी प्राण्यांच्या दातांपर्यंत बरेच काही सुचवले आहे. आज सगळीकडे अकीक वापरतात. अकिकाचे काम आपल्याकडे खंभातला शतकानुशतके चालत आले आहे, आणि त्या दगडाला दुरून कुठून आणावे लागत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतच तो घडतो.

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटायचे कारण नाही. सावंतवाडीच्या चितारी घराण्यांनी गंजिफाची पाने याच तर्काने केली. कापडाच्या थरांवर चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी, मग दगडाने घोटणे, मग रंग, मग लाखेचा हात. सरसाच्या जागी चिंचोका आला, एवढाच फरक. तंजावरच्या चित्रांतले उंचावलेले दागिने खडूच्याच लगद्यावर सोने चढवून होतात. आणि लाकडावरच्या सोन्याचा मोठा नमुना पाहायचा असेल तर जुन्या गोव्याला जावे. से कॅथेड्रलच्या मुख्य वेदीवर संत कॅथरीनच्या चरित्रातले प्रसंग सोनेरी कोरीवकामाच्या चौकटींत बसवले आहेत, आणि संत कायेतानच्या चर्चमध्ये बाजूच्या वेद्यांचे कोरीव लाकूड तसेच झळकते. पर्यटक वर पाहून पुढे सरकतात. आपण खालच्या कंगोऱ्यांपाशी थांबावे. जिथे सोने झिजले आहे तिथे लाल माती, तिच्याखाली पांढरे अस्तर आणि काही ठिकाणी थेट लाकूड दिसते. शिकणाऱ्याला याहून चांगला उघडा छेद मिळणे कठीण. मात्र बोट लावू नये.

सोन्यावरून एकदम काळ्याकडे येतो, कारण माझ्या मते हातकामाची खरी कसोटी काळ्या चौकटीत लागते. सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये काळ्या चौकटींची लाट आली. डचांच्या जहाजांतून पूर्वेकडचे आबनूस येत होते. १६३८ पासून मॉरिशसवर डचांचा तळ होता आणि तिथले आबनुसाचे जंगल त्यांनी भरपूर तोडले. तरीही आबनूस महागच. म्हणून सामान्य गिऱ्हाइकासाठी नाशपातीचे लाकूड काळे करून वापरले गेले. नाशपातीचा धागा इतका बारीक की रंगवल्यावर फसवणूक लवकर उघडी पडत नाही. त्या चौकटींवरच्या लाटालाटांच्या बारीक रेघोट्या यंत्राने काढल्या जात. इंग्रज लेखक जोसेफ मॉक्सनने सतराव्या शतकातच अशा यंत्राचे वर्णन करून ठेवले आहे. सोन्याच्या चौकटीत कोपऱ्यातली चूक अस्तराखाली बुडवता येते. पॉलिश केलेल्या काळ्या चौकटीत तसे काही करता येत नाही. लाकूड उघडे राहते आणि उजेड प्रत्येक ओरखडा मोजतो.

लाकूड काळे करायचा सगळ्यात सुंदर मार्ग रंगाच्या डब्यातून जात नाही. लाकडातले टॅनिन आणि लोखंड यांचा संयोग झाला की काळानिळा रंग लाकडाच्या आतच तयार होतो. जुन्या शाईचे रसायन तेच. पाश्चात्त्य कारागीर व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस बुडवून ठेवतात आणि ते पाणी ओकवर फिरवतात. ओकमध्ये टॅनिन मुळातच भरपूर असते. आपल्याकडे हे काम हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, करतात. सह्याद्रीच्या माथ्यावरून, भीमाशंकरच्या परिसरातून हिरडा गोळा होतो आणि त्याच्यात टॅनिनचे प्रमाण मोठे असते. ज्या लाकडात टॅनिन कमी आहे त्याला आधी हिरड्याचा गाळलेला काढा पाजावा, वाळल्यावर हिराकशीचे पातळ पाणी फिरवावे. पहिल्या क्षणी काहीच होत नाही. मग राखाडी आणि मग काळे. रंग लाकडात मुरलेला असल्याने धागा झाकला जात नाही. एक सावधगिरी हवी. हिराकस आम्लधर्मी आहे, तेव्हा नंतर पट्टी स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण वाळवावी आणि चित्राच्या बाजूची खाच मात्र या काढ्यापासून कोरडी ठेवावी.

एकोणिसाव्या शतकाने या क्षेत्राचे पुष्कळ नुकसान केले आणि त्याच शतकात दुरुस्तीही सुरू झाली. सरस, राळ, जवसाचे तेल आणि खडू यांचा लगदा साच्यात दाबून हवी तेवढी पाने-फुले काढता येऊ लागली. ती स्वस्त लाकडावर चिकटवली, वर पितळी मुलामा दिला की राजवाड्याची चौकट झाली. या थाटाला पहिला मोठा नकार इंग्लंडमध्ये मिळाला. रोझेटी आणि फोर्ड मॅडॉक्स ब्राउन या चित्रकारांनी ओकवर अस्तर न देता थेट सोने चढवले, त्यामुळे सोन्यातून लाकडाचा धागा दिसत राहिला. चार्ल्स ईस्टलेकने १८६८ मध्ये घरसजावटीवरच्या आपल्या पुस्तकात हीच पद्धत वाखाणली. व्हिसलर या चित्रकाराने चौकटीवर सरळ उभ्या-आडव्या बारीक नळ्यांच्या रांगा आणि त्यावर स्वतःच्या हाताने नक्षी केली. चौकट हा चित्राचाच भाग आहे असा त्याचा हट्ट होता. फ्रान्समध्ये पिसारो आणि देगा या चित्रकारांनी पांढऱ्या आणि रंगीत चौकटी लावल्या. देगाच्या वह्यांत चौकटीच्या छेदांची रेखाटने सापडतात. जॉर्ज सरा याने चौकटीवरसुद्धा ठिपके घातले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातले त्याचे होनफ्लरचे संध्याकाळचे चित्र त्याच्या रंगवलेल्या चौकटीसह टिकले आहे. व्हान गॉगने १८८७ मध्ये फळांचे एक पिवळे चित्र काढले आणि सपाट लाकडी चौकटही पिवळीच रंगवली. ती चौकट अॅमस्टरडॅममध्ये आजही त्याच चित्राभोवती आहे.

यांतल्या बऱ्याच चौकटी साध्या सुतारी पट्टीच्या होत्या. कोरीवकाम नाही, साचा नाही. कच्ची पट्टी, चार सांधे आणि ब्रश. आज जे कोणी घरच्या ओट्यावर बसून आपल्या चित्राला चौकट रंगवू पाहतात त्यांच्यासाठी ही वंशावळ मी मुद्दाम मांडली. तंजावर किंवा फ्लॉरेन्सच्या सोनेरी कामापेक्षा व्हान गॉगची पिवळी पट्टी आपल्याला अधिक जवळची आहे.

आता लाखेकडे. या विषयात भारताची सगळ्यात मोठी देणगी हीच, आणि आपल्याला तिचे अप्रूप सगळ्यात कमी. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा जी राळ सोडतो तिच्यापासून चपडा होतो. झारखंड हे तिचे मोठे केंद्र. रांचीजवळ नामकुमला १९२४ मध्ये लाख संशोधनाची संस्था निघाली. महाराष्ट्रातही गोंदिया-गडचिरोलीकडे लाख निघते. जगभरचे कारागीर ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात त्याचा जीव हा चपडा आहे. आपल्या पॉलिशवाल्यांना तो हातातल्या रेषांसारखा माहीत आहे. पण त्यांचे सारे कसब टेबल-खुर्ची-कपाटात गेले. चौकटीच्या अरुंद, वळणदार अंगावर चपडा लावण्याची शिस्त थोडी वेगळी आहे. कपाटाच्या सपाट फळीवर कापसाचा बोळा गोल फिरतो, पट्टीवर तो एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न थांबता सरळ जायला हवा. थांबला की तिथे डाग. खोलव्यात बोळा पोचत नाही, तिथे मऊ ब्रश आणि अगदी पातळ चपडा.

स्पिरिटमधला चपडा ताजाच वापरावा. बाटलीत महिनोन्महिने पडला की तो स्पिरिटशीच संयोग पावतो आणि मग कितीही वाळवला तरी चिकट राहतो. बाटलीवर तारीख लिहायची सवय लावून घ्या. आणि पावसाळ्यात घाई करू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पॉलिश पांढुरके पडते. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये संध्याकाळी चपड्याचा हात देणे म्हणजे काम पुन्हा करण्याची तयारी ठेवणे. दुपारची कोरडी वेळ गाठावी, नाहीतर ते काम गणपतीनंतरच घ्यावे.

हवामानाचा हाच मुद्दा सांध्यापर्यंत जातो. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र ओलीने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पंचेचाळीस अंशांच्या सांध्यात याचा परिणाम असा होतो की लाकूड आकसले तर सांधा आतल्या कोपऱ्याशी उघडतो, फुगले तर बाहेरच्या टोकाशी. फट कुठे पडली आहे हे पाहून चौकट कोणत्या हंगामात जोडली असेल याचा अंदाज बांधता येतो. रत्नागिरीत पावसाळ्यात जोडलेली रुंद पट्टीची चौकट नागपूरच्या मे महिन्यात भिंतीवर गेली तर तिचे आतले कोपरे बोलू लागणारच. कारखान्याच्या रंगीत पट्टीत ही फट फक्त फट असते. हातकामात सांध्यावरून अस्तर आणि रंग गेलेले असतात, त्यामुळे लाकूड हलले की ते तडकतात. म्हणून आपल्याला जुने, मुरलेले लाकूड लागते, सांध्यात आडवी पाचर किंवा फळीची जीभ लागते, आणि पट्टी जितकी रुंद तितकी ही काळजी अधिक.

लाकडाच्या निवडीबद्दल नवख्याला माझा सल्ला सरळ आहे. सागापासून सुरुवात करू नका. साग उत्तम लाकूड आहे, पण त्याच्या अंगात स्वतःचे तेल असते, ते रंगाला आणि तेलाच्या वार्निशला अडते, शिवाय त्याला झाकून टाकणे जिवावर येते. पाइन स्वस्त आणि सोपे, पण ते रंग डागाडागांनी पिते. त्याला आधी अगदी पातळ चपड्याचा किंवा सरसाचा हात द्यावा म्हणजे तहान सारखी होते. अस्तराखाली जाणार असेल तर आंबा किंवा शिवण पुरेसे. उघड्या धाग्याचे काम शिकायचे असेल, म्हणजे तारेच्या ब्रशने मऊ भाग खरवडून रंध्रांत पांढरे मेण भरायचे असेल, तर ओक किंवा अॅश हवे. गुळगुळीत लाकडात मेण बसायला जागाच नसते.

पट्टी हातात आल्यावर पहिले काही तास रंगाशी संबंध नसतो. फेविकॉल सांध्यातून बाहेर आला असेल तर तो ओला असतानाच पुसावा. वाळलेला थेंब लाकडाची तोंडे बंद करतो आणि पाण्याचा रंग फिरवल्यावर तिथे फिक्का डाग उठतो, आणि तो रंग देईपर्यंत दिसत नाही. काचपेपर धाग्याच्या दिशेने चालवावा, आणि कोपऱ्यात मात्र दोन धागे काटकोनात भेटतात म्हणून एका बाजूचे ओरखडे दुसऱ्या बाजूत जाऊ देऊ नयेत. सांध्यावर चिकटपट्टी लावून एक-एक बाजू घासणे हा कंटाळवाणा पण खात्रीचा उपाय. पाण्याचा रंग देणार असाल तर आधी ओल्या फडक्याने लाकूड पुसा, धागे उभे राहू द्या, वाळल्यावर हलक्या हाताने कापून टाका. नाहीतर ते रंगाच्या वेळी उभे राहतील. आणि प्रत्येक रंग आधी त्याच पट्टीच्या उरलेल्या तुकड्यावर, त्यावर पुढचे सगळे हात देऊन पाहा. ओला रंग, वाळलेला रंग आणि चपड्याखालचा रंग हे तीन वेगळे रंग असतात.

किती करायचे आणि कुठे थांबायचे, हा खरा अवघड प्रश्न. मी कमी करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. साखळीने ठोकून लाकडाला पोचे पाडणे, बारीक ड्रिलने कीड लागल्याची भोके पाडणे, कोपऱ्यांत काळे मेण कोंबून शंभर वर्षांचा मळ आणणे हे प्रकार सध्या फार चालतात आणि मला ते खोटे वाटतात. झीज कुठे येते याचा विचारच त्यात नसतो. खरी चौकट हात लागतो तिथे झिजते, उचलताना धरतात त्या खालच्या कडेवर आणि टोकांवर, आणि धूळ वरच्या आडव्या पट्टीवर बसते. हे पाहून हलके केलेले घासकाम मान्य आहे. बाकीचे नाटक चित्राला मान खाली घालायला लावते. चमकेबद्दलही हेच. काचेमागच्या जलरंगाला उजळ पॉलिशची चौकट दिली की डोळ्यापुढे दोन चकाकणारे पृष्ठभाग होतात आणि चित्र तिसरे पडते. तिथे मेणाचा मंद हात पुरे.

चित्र आत जाण्यापूर्वीची जबाबदारी थोडक्यात सांगतो, पण ती टाळू नये. लाकूड आम्ल सोडते, ओक तर विशेष. कागदावरचे काम उघड्या लाकडाला भिडू देऊ नये, खाचेत अडथळ्याची पट्टी लावावी. तेलाचे वार्निश आणि ताजा रंग पूर्ण पिकल्याशिवाय, वास जाईपर्यंत, चित्र बसवू नये. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत. लाकूड गडद करण्यासाठी काही जुने पॉलिशवाले वापरतात ते पोटॅशियम डायक्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक आहे. त्याला हिरडा हा पुरेसा पर्याय आहे.

या क्षेत्रात कोणाकोणाचे स्वागत आहे? चित्रकारांचे, कारण चौकट ठरवणे हा चित्र संपवण्याचाच भाग आहे. फ्रेमवाल्यांचे, कारण सांधा आणि हत्यार त्यांच्या हाती आधीच आहे, फक्त क्रम उलटवायचा आहे. पॉलिशवाल्यांचे, कारण चपडा त्यांच्याइतका कोणालाच कळत नाही. आणि इतिहासाच्या अभ्यासकांचे, ज्यांच्यासाठी इथे मोठे रान मोकळे पडले आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात निघाला आणि देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर गेली. ती भिंतीवर लावण्यासाठी कोणी, कोणत्या लाकडाच्या, कशा रंगवलेल्या चौकटी केल्या, याचा शोध मराठीत कोणीतरी घ्यायला हवा. जे. जे. कलाशाळेत १८९१ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळा सुरू झाल्या, त्यांत लाकूडकोरीव होते. तिथल्या हातांनी चौकटी केल्या का, कशा केल्या, हाही शोधण्याजोगा विषय. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय चित्रे आहेत, औंधच्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याची. पुढच्या भेटीत चित्र पाहून झाल्यावर दोन पावले बाजूला सरून चौकटीचा कोपरा पाहा. रेघ दिसते का, सोन्याखाली कोणत्या रंगाची माती आहे, खालची कड झिजली आहे का.

शेवटी एक विनंती. हर्मन डडली मर्फी या चित्रकाराने १९०३ मध्ये अमेरिकेत बोस्टनजवळ कॅरिग-रोहेन नावाची चौकटीची कार्यशाळा काढली. तिथल्या चौकटींच्या पाठीवर कार्यशाळेचे नाव आणि साल कोरलेले असे, म्हणून आज त्या ओळखता येतात. आपल्याकडे हाताने केलेली चौकट सहसा आपले नाव सांगत नाही. तुम्ही पहिली चौकट रंगवाल तेव्हा तिच्या पाठीवर लिहा. लाकूड कोणते, सांधा कशाने जोडला, अस्तर खडूचे की नुसता रंग, चपड्याचे हात किती, महिना आणि साल. पुढे ती दुरुस्त करणाऱ्याला प्रत्येक ओळीचा उपयोग होईल. लिहिताना पेन्सिल वापरा. बॉलपेनाची शाई काळाबरोबर पसरते आणि फिकी पडते, पेन्सिलीचे शिसे तसेच राहते.